जेंडर आकडेवारीचं ट्रेनिंग आपल्याकडं कसं घ्यायचं?

पंचगंगाकाठ: पुढच्या महिन्यात कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या ग्रामसेवक आणि अंगणवाडी ताईंना जेंडर आकडेवारीचं (म्हणजे बाई-पुरुष वेगवेगळे मोजून काढलेल्या आकड्यांचं) दोन दिवसांचं ट्रेनिंग द्यायचंय. वरून आलेल्या स्लाइड्समध्ये सगळ्या ऑफिसला जाणाऱ्या बायका, मागच्या वेळी जेवण झाल्यावर निम्मे लोक पेंगत होते. आपल्याकडचं काय घालू?

गुऱ्हाळ: स्लाइड्स राहूदेत, आधी दूध घ्या. डेअरीत खातं मालकाच्या नावावर, बिल त्याचंच, आणि पहाटे धार काढणारी, वैरण आणणारी कोण? फॉर्मवर तिच्यापुढं 'घरकाम'. 'काम करता का' विचारलं की आमची आईपण 'नाही, घरीच असते' म्हणते, हातात खुरपं असतंय तेव्हा! 'काल उठल्यापासून काय काय केलं' असं विचारायला शिकवा. 2019 च्या देशभरच्या वेळ-वापर सर्व्हेत असंच विचारलंवतं, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, ते करणाऱ्या पुरुषांची 97.

वेणीवाली: आणि चपला? तळ कापणारा कारागीर म्हणून मोजला जातो, घरात बसून चामड्याची वेणी घालणारी त्याची बायको म्हणे 'मदत' करते.

आकडेमोड: 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात 0 ते 6 वयात हजार मुलांमागं 839 मुली होत्या, हे दाखवाच. पण गावाचा रेशो काढताना जपून. वर्षाला वीसच जन्म असले तर दोन मुली इकडंतिकडं झाल्या की आकडा उड्या मारतो आणि सरपंच भांडायला येतो. चार-पाच वर्षांचे जन्म एकत्र घ्या.

पंचगंगाकाठ: लय भारी, पहिलं सेशन दुधावरच घेतो.