केकमध्ये साखरेऐवजी मध: प्रमाण काय धरायचं?

प्रश्न:
घरच्या पेटीतला मध काढलाय. केकमध्ये साखरेऐवजी घालायचा तर किती? आणि एका बरणीत तो खाली रवाळ झालाय, खराब समजायचा का?

मधपेटीवाली:
एक वाटी साखरेला पाऊण वाटी मध पुरे. मधात साधारण १७-१८ टक्के पाणी असतंच, म्हणून दूध पाव वाटीने कमी करा. मध आम्लधर्मी, तेव्हा चिमूटभर खायचा सोडा हवाच. ओव्हन नेहमीपेक्षा १५ अंशांनी कमी ठेवा. मधातली फळशर्करा लवकर तांबूस होते, कडा आधी करपतात.
रवाळ मध अजिबात फेकू नका! ते ग्लुकोजचे कण आहेत. बरणी ४० अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा, हळूहळू विरघळतील. उकळलात तर सुवास गेलाच.

दुसरं उत्तर:
घरात एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध नको, केकमधलाही नको. बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू भट्टीतही तग धरतात.

मधपेटीवाली:
अगदी बरोबर. आणि मध काढताना पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीवरची बहुतेक घरं मेणाने बंद होती ना? उघड्या घरांतला मध पातळ असतो, आंबतो. सगळ्या चौकटी मात्र रिकाम्या करू नका. फुलोरा नसताना माश्या त्यातल्या मधावरच जगतात.