परिपूर्ण समाजाची किंमत कोण मोजतो?

तापीकाठ, जळगाव
अल्डस हक्सले यांच्या 1932 च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीत भूक नाही, रोगराई नाही, मन उदास झालेच तर ‘सोमा’ची गोळी हाताशी आहे, एका बीजांडापासून 96 पर्यंत एकसारखी माणसे बाटल्यांत वाढवली जातात आणि आपापल्या पायरीवर खूश राहण्याचे धडे त्यांना झोपेत दिले जातात. या सुखाची खरी किंमत मला अशी दिसते, की ज्याच्याकडून ती वसूल होते त्याला ती मोजल्याचे कळतच नाही, कारण ज्याने कळायचे ते मनच आधी घडवून घेतलेले असते.

रावेरकर
हे मला पटत नाही. एकसारखेपणाचा एवढा धसका घ्यायचा, तर रावेर-यावलमधल्या टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या एकसारख्या रोपांच्या, केळीबागा उद्याच उपटाव्या लागतील. कंद लावायचो तेव्हा बाग मागेपुढे निसवायची, म्हणजे घड एकाच वेळी बाहेर पडत नसत, कंदाबरोबर सूत्रकृमी आणि सोंडकिडा शेतात यायचा आणि चार घडांसाठी व्यापारी बांधावर फिरकत नसे. आज रोपे एका वयाची, म्हणून कापणीही जवळपास एकदम होते. कादंबरीतला जॉन, त्या जगाबाहेर वाढलेला तरुण, दुःखी असण्याचा हक्क मागतो. ईटनसारख्या श्रीमंतांच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या लेखकाला असा हक्क सुचू शकतो. वैशाखात टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाईला तो देऊ करून पाहावा.

लळिंगकर, धुळे
केळीचा विषय निघालाच आहे, तर केळीवरच्या हरण्या या विषाणूजन्य रोगाचेही बोलावे. मावा तो पसरवतो, आणि सगळी रोपे एकाच वाणाची असल्यामुळे एक जे सोसू शकत नाही ते दुसरेही सोसू शकत नाही. तरीही शेतकरी बाग उपटून दुसरे पीक घेऊ शकतो. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 1909 च्या ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेत ही वाटच उरलेली नाही. जमिनीखालच्या खोल्यांत एकेकटी, सगळ्याच गोष्टींसाठी एका यंत्रावर विसंबून राहणारी माणसे आधी संगीतातल्या खरखरीची तक्रार करतात, मग त्या खरखरीला सरावतात, आणि शेवटी कळते ते असे, की दुरुस्ती करणारी यंत्रणाच दुरुस्तीला आली आहे.

रावेरकर
मग दोष हातचे कसब सोडून देणाऱ्यांचा झाला, यंत्राचा नव्हे. शिवाय वाट हक्सले यांनीही ठेवली आहे: ज्यांना ते जग मानवत नाही त्यांना बेटांवर पाठवतात, आणि त्यातला लेखक हेल्महोल्ट्झ तर फॉकलंड बेटे स्वतः निवडतो.

तापीकाठ, जळगाव
हेल्महोल्ट्झ अल्फा, म्हणजे त्या समाजातल्या सर्वांत वरच्या पायरीवरचा आहे, म्हणून त्याला निवड मिळते. त्याच कादंबरीत लिफ्ट चालवणारा एक एप्सिलॉन, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस, आहे. गच्चीवर पोहोचून ऊन अंगावर आले की तो हरखून जातो, आणि लगेच त्याला खाली जाण्याचा हुकूम येतो. बाटलीत असतानाच प्राणवायू कमी देऊन ज्याची बुद्धी खुंटवली, त्याने कोणते बेट मागायचे? आपण म्हणता ती टँकरपुढची बाई निदान ग्रामपंचायतीवर हंडा मोर्चा नेऊ शकते.