मदत हवी आहे: तारली माशाचा आकार महिन्यागणिक बदलतोय

भरतीरेषा:
सोमवारी आलेख दाखवायचेत, अडकले आहे. ऑगस्टपासून दर महिन्याला तारलीचे फोटो काढून बाजूचा आकार मोजतेय. ऑगस्टची सडसडीत, डोकं मोठं. नोव्हेंबरची पोटाला भरलेली. सर म्हणतात, दोन वेगळे स्टॉक, म्हणजे एकाच जातीचे दोन वेगळे समूह असतील. मला पटत नाही. कुठलं विश्लेषण लावू?

मोजपट्टी:
ताजे मोजले की फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेले? लांबी शेपटीच्या टोकापर्यंत की खाचेपर्यंत? वजनं घेतलीत का?

डोलखांब:
वेगळे स्टॉक कशाला हवेत! तारली पावसाळ्यात अंडी सोडते, ऑगस्टमध्ये बरीचशी रिकामी झालेली असते. मग प्लवकावर चरते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर चरबी चढते. पोट कापून गाभोळी पाहिलीत का?

मोजपट्टी:
वजन असेल तर फोटोंची गरजच नाही. मासा किती भरलेला आहे त्याचा गुणांक काढा: १०० गुणिले वजन, भागिले लांबीचा घन. महिन्यानुसार मांडा, झालं.

कल्ला:
झालं कसं? वजन लांबीच्या बरोबर घनातच वाढत असेल तरच हे चालतं. नाहीतर लहान-मोठ्या माशांतला फरक ऋतूचा म्हणून दिसेल. मत्स्यशास्त्रज्ञ ल क्रेन यांनी १९५१ मध्ये सापेक्ष गुणांक (प्रत्यक्ष वजन भागिले त्या लांबीला अपेक्षित वजन) मांडला तो याचसाठी. शिवाय चरबी, गाभोळी आणि भरलेलं जठर यांतलं काय वाढलं, हे त्या आकड्यातून कळत नाही.
भरतीरेषा, हाडांवरचे बिंदू वेगळे काढा: डोळा, कल्ल्याचं झाकण, परांची मुळं. ते जागच्या जागी आणि फक्त पोटाची कड हलत असेल, तर ऋतू. अंग उतरलं की डोकं मोठं वाटतंच.

निळाई:
गुलाबी सामनच्या नराला अंडी घालण्याच्या हंगामात पाठीवर केवढं कुबड येतं! तेही बघा.

डोलखांब:
इथे तारलीचं चाललंय. खरी अडचण वेगळी आहे. जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदी, म्हणजे ऐन अंडी सोडण्याच्या वेळचे मासेच हिच्याकडे नाहीत.

निळाई:
बंदी हवीच. तेवढे दोन महिने तरी माशांना मिळू देत.

भरतीरेषा:
लांबी टोकापर्यंत, वजनं आहेत. गाभोळी पाहिली नाही. ऑगस्टचे मासे महिनाभर फॉर्मॅलिनमध्ये होते, बाकी ताजे.

मोजपट्टी:
अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायचं! फॉर्मॅलिनमध्ये मासा आक्रसतो, वाकतोही. ऑगस्ट पूर्ण बाजूला काढा.

भरतीरेषा:
सप्टेंबरचे चाळीस आहेत, ताजे मोजलेले. कल्ला यांनी सांगितलेले बिंदू घेऊन ते नोव्हेंबरशी ताडून बघते. रात्री आकडे टाकते.