९ इंचांचा नियम आणि पेपर स्प्रे

'पातं ९ इंचांच्या आत म्हणजे चाकू बिनधास्त बाळगा' असं म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही मर्यादा आहे खरी. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सांगलीत जिल्हादंडाधिकाऱ्यांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल, तर साधी काठीसुद्धा अडचणीत आणते. गणपतीत हमखास.

त्यापेक्षा स्वसंरक्षणासाठी पेपर स्प्रे (डोळ्यांत झोंबणारा मिरचीचा फवारा) बरा, परवाना लागत नाही. डबीवरची मुदत बघा. जुनी झाली की दाब जातो आणि फवारा पायाशीच पडतो. वाऱ्याकडे पाठ करूनच मारा. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. भांडणात रागाने मारलात तर मात्र गुन्हा तुमच्यावरच. स्वसंरक्षणाची मुभा (भारतीय न्याय संहिता, कलम ३४ ते ४४) धोका असेपर्यंतच.