एमपीएचसाठी घर तारण ठेवावं का? भाचीच्या निमित्ताने पडलेला प्रश्न

पाणकळा

माझी भाची नाशिकची. बीएएमएसची इंटर्नशिप संपत आली. तिला दवाखाना टाकायचा नाही, सार्वजनिक आरोग्यात एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) करायचंय. यावर घरात वाद नाही, उलट मला फार आनंद आहे. वाद पुढचा आहे. तिच्या हातात प्रवेशाची दोन पत्रं आहेत. एक अमेरिकेतल्या विद्यापीठाचं, दोन वर्षांचं. राहणं-खाणं धरून हिशोब पंचेचाळीस लाखांच्या पुढे जातो. दुसरं आपल्याच देशातलं, त्याच्या दहाव्या हिश्श्यात होणारं. भावोजी राहतं घर तारण ठेवायला निघालेत. मी म्हणते, ठेवू नका.

मी अकरा वर्षं जव्हार-मोखाड्यात कुपोषणावर काम करते आणि आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. गेल्या वर्षी दोन उमेदवार मुलींना अंगणवाडीच्या वजनांची एकच नोंदवही दिली आणि म्हटलं, बघा काय दिसतं. परदेशात शिकलेल्या मुलीने तासाभरात लॅपटॉपवर सुंदर आलेख काढले. इथे शिकलेली मुलगी पानं उलटत राहिली आणि म्हणाली, "ताई, सगळी वजनं पूर्ण किलोवर नाहीतर अर्ध्यावरच कशी येतात? काटा शेवटचा कधी तपासला होता?" काटा बिघडलेला होता. सेविका अंदाजाने आकडे भरत होत्या. आम्ही तिला घेतलं.

म्हणून माझं मत असं, की संस्था निवडताना रँकिंग बाजूला ठेवावं आणि आधी फील्ड बघावं. दोन वर्षांतले किती आठवडे गावात किंवा वस्तीत जातात? प्रबंधाचा डेटा विद्यार्थ्याने स्वतः गोळा करायचा असतो, की कुणाचा तरी तयार मिळतो? मागच्या तीन बॅचची मुलं आज कुठे आहेत? याची सरळ उत्तरं जी संस्था देईल ती चांगली. आपल्याकडे अशा जागा नाहीत असं नाही. तिरुअनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून एमपीएच आहे. देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सोशल एपिडेमिऑलॉजी शिकवतात, म्हणजे जात, पाणी, मजुरी, स्थलांतर यांचा आजाराशी असलेला संबंध. ज्याला महाराष्ट्रात काम करायचंय त्याने अमेरिकेच्या पदवीसाठी आईबापांचं छप्पर गहाण टाकू नये.

अटलांटाकर

पूर्ण असहमत. मी छत्रपती संभाजीनगरचा, बीडीएस करून इथे अमेरिकेत आलो, एपिडेमिऑलॉजीत (साथरोगशास्त्रात) एमपीएच केलं, आता एका विद्यापीठात काम करतो.

ताई, तुमचं उदाहरण दोन मुलींचं आहे, दोन संस्थांचं नाही. आकडे पूर्ण किंवा अर्ध्या किलोवर गोळा होणं हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवलं होतं. तुमच्या उमेदवाराने ते ओळखलं नाही, हा तिचा दोष.

आणि महाराष्ट्राचंच बोलायचं तर जामखेडचं बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, ते जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच करून आल्यावर. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही हॉपकिन्सचेच, १९८४ चे. १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. घरोघरी नवजात बालसेवेचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो जगाने का मानला? ३९ गावांत काम केलं आणि शेजारची ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, जन्म-मृत्यूची नोंद दोन्हीकडे तितक्याच काटेकोरपणे केली, म्हणून. नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून जास्त खाली आला हे कुणाला खोडता आलं नाही. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्याचं मूळ तिथे आहे. नुसत्या तळमळीने हे झालं नसतं. अभ्यास कसा रचायचा, नमुना किती घ्यायचा, हे शिकावं लागतं, आणि ते जिथे उत्तम शिकवतात तिथे जावं.

भारतात एमपीएच होऊन पुढे काय, तेही सांगा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात अकरा-अकरा महिन्यांचे करार! माझ्या दोन मित्रांनी याच कारणाने हे क्षेत्र सोडलं.

पाणकळा

आरोळे आणि बंग यांची आठवण दिलीत, बरं झालं. पण त्यांची गोष्ट तुम्ही मधूनच सुरू केलीत. आरोळे दांपत्य अमेरिकेला जाण्याआधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होतं. तेच रोगी बरे होऊन जातात आणि पुन्हा तोच आजार घेऊन येतात, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. बंग वर्ध्याच्या खेड्यांत शेतमजुरांमध्ये काम करून गेले होते. म्हणजे चौघंही स्वतःचा प्रश्न सोबत घेऊन गेले. माझी भाची तेवीस वर्षांची आहे. इंटर्नशिपमध्ये तिने दोन महिने प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिलंय, बस. प्रश्नच सापडलेला नसताना पंचेचाळीस लाख कशावर लावायचे?

करारांचं म्हणणं मात्र मान्य. आमच्या तालुक्यातला उत्तम कार्यक्रम सहायक गेल्या मार्चमध्ये गेला, आदेश वेळेवर आला नाही म्हणून.

निळी_शाई

"रँकिंग बाजूला ठेवा" हे वाक्य मला खटकलं, म्हणून लिहिते.

मी बौद्ध, विदर्भातली, वडील एसटीत वाहक होते. आमच्याकडे तारण ठेवायला घर नव्हतं. मी परदेशात शिकले ती राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर. त्या योजनेत विद्यापीठ क्यूएस या रँकिंगच्या जागतिक यादीत २०० च्या आत असावं लागतं. तुमच्यासाठी रँकिंग हा भपका असेल, माझ्यासाठी ते दार होतं. १९८ वं विद्यापीठ असेल तर शासन शुल्क भरतं, २०३ वं असेल तर मी घरी.

याच कारणाने मी रँकिंगवर चिडलेही आहे. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन ही १८९९ पासूनची संस्था, या विषयात तिचं नाव जगभर घेतात. पण ती एकाच क्षेत्राची आणि फक्त पदव्युत्तर, म्हणून क्यूएसच्या एकूण यादीत ती दिसतच नाही. मला तिथेच जायचं होतं. जाता आलं नाही. तेव्हा रँकिंग खोटं असतं हे मलाही माहीत आहे. पण ते बाजूला ठेवायची मुभा सगळ्यांना नसते, एवढं लक्षात असू द्या. आणि "फील्ड" म्हणून तुम्ही ज्या वस्त्यांत जाता तिथेच आमच्यातले काही जण वाढलेले असतात. आम्हाला वस्ती दाखवायला संस्था नको. आम्हाला संख्याशास्त्र हवं, इंग्रजीत शोधनिबंध लिहिण्याचा सराव हवा, आणि जिथे निर्णय होतात त्या खोलीत बसायला मिळावं असं वाटतं.

टीएचओ_मराठवाडा

मी एमडी (पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र), सध्या तालुका आरोग्य अधिकारी. माझं म्हणणं दोन्ही बाजूंना आवडणार नाही. भाचीने यंदा कुठेच जाऊ नये.

बीएएमएस झाल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) म्हणून उपकेंद्रावर जावं. आमच्याकडे सीएचओला २५ हजार मानधन आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत मोबदला असतो. गावात राहून दोन वर्षं मधुमेह-रक्तदाबाची तपासणी, क्षयरोगाचा पाठपुरावा, लसीकरण सत्रं आणि रात्री पोर्टलवर नोंदी केल्या की प्रश्न आपोआप सापडतात. पोर्टलवरचा आकडा आणि गावातला आकडा का जुळत नाही, एवढा एकच प्रश्न दोन प्रबंधांना पुरेल.

याचा व्यवहारी फायदाही आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षं लागतात, आणि सार्वजनिक आरोग्य हा तिच्या विषयांपैकी आहे. आज कर्ज काढून जाणारी मुलगी तीन वर्षांनी शिष्यवृत्तीवर जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. एमपीएच म्हणजे एमडी पीएसएम नव्हे. पुढे मेडिकल कॉलेजात शिकवायचं स्वप्न असेल तर ते या वाटेने पूर्ण होईल असं धरून चालू नये.

कडुलिंब

टीएचओ सर, आदर राखून विरोध करते. "दोन वर्षं थांब" हे मुलाला सांगणं सोपं असतं.

मी बीएचएमएस, पंढरपूरकडची. मलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. मी थांबले. नोकरीत रुजू झाले, काम मनापासून केलं. पहिल्या सहा महिन्यांत घरी स्थळं यायला लागली, "नोकरी आहेच, आता शिकायचं कशाला?" सुरू झालं. दुसऱ्या वर्षी साखरपुडा. आज माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि एमपीएचचा अर्ज अजून तसाच पडून आहे. नवरा वाईट नाही, सासरही वाईट नाही. पण वेळ गेली ती गेलीच. प्रवेशपत्र हातात असणं म्हणजे मुलीसाठी घराबाहेर पडण्याचं एकमेव सबळ कारण असू शकतं. ते सोडायला सांगताना पाणकळाताईंनी आणि सरांनी त्या घरात पुढे काय होईल याचाही विचार करावा.

परदेशच हवं असं मी म्हणत नाही. तिरुअनंतपुरमला जाऊ दे, पण याच वर्षी जाऊ दे.

अटलांटाकर

कडुलिंब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आता मी माझ्या बाजूचंही खरं सांगतो, कारण कर्जाचा प्रश्न आहे. साधा एमपीएच अमेरिकेच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत बसत नाही. शिक्षणानंतर कामासाठी १२ महिने मिळतात, संपलं. एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅटिस्टिक्स (जैवसंख्याशास्त्र) म्हणून नोंदलेली पदवी असेल तर आणखी २४ महिने. हे अभ्यासक्रमाच्या नावावर ठरत नाही, विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-२० फॉर्मवर छापलेल्या सीआयपी कोडवर, म्हणजे विषयाच्या क्रमांकावर ठरतं. ५१.२२०१ म्हणजे साधा सार्वजनिक आरोग्य, २६.१३०९ म्हणजे एपिडेमिऑलॉजी. एकाच विद्यापीठात दोन शाखांना दोन कोड असू शकतात. माझ्या बॅचमधल्या एका तेलुगू मुलीला हे दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर तिच्या भावाने कर्जाचे हप्ते सुरू केले होते.

२०२५ पासून इथली हवाही पालटली. यूएसएड ही परदेशी मदतीची सरकारी संस्था बंद झाली, सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतून मोठी कपात झाली. तिथले अनुभवी लोक आता आमच्यासारख्यांच्याच जागांसाठी अर्ज करतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. विद्यापीठांना एच-१बीच्या लॉटरीतून जावं लागत नाही म्हणून माझं निभावलं, पण माझ्या अनुभवावरून आज कुणी पंचेचाळीस लाखांचा निर्णय घेऊ नये.

तरी माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. इथे आठवड्याला दोन असाइनमेंट असायच्या, प्रत्येक परत यायची ती लाल शाईने भरून. भारतात मी पाच वर्षांच्या पदवीत एकदाही "हा निष्कर्ष कशावरून काढलास?" हा प्रश्न ऐकला नव्हता.

टीएचओ_मराठवाडा

कडुलिंब ताई, बरोबर आहे तुमचं. मी मुलीच्या जागी उभा राहून विचार केला नव्हता. मग देशातल्या संस्थेत यंदाच जावं, आणि प्रबंधासाठी दुसऱ्या वर्षी महाराष्ट्रात यावं. केरळात गावातली मुलाखत मल्याळममध्ये होणार. दुभाषा घेऊन माणूस आजार विचारू शकतो, पण बाईला घरात कोण जेवायला शेवटी बसतं हे दुभाष्यामार्फत विचारता येत नाही. माझ्या तालुक्यात येणार असेल तर परवानगीच्या पत्रांचं मी बघतो.

पाणकळा

निळी_शाई, रँकिंगबद्दल मी जे सरसकट लिहिलं ते चुकलं. "फील्ड" शब्दाबद्दलही. गेली अकरा वर्षं मी तो शब्द ज्या सहजपणे वापरत आले, तो कुणाचं तरी घर असतं, हे तुमच्या प्रतिसादाने मला लागलं.

काल भाचीला हा सगळा धागा वाचायला दिला. तिने आधी कडुलिंब यांचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. मग अमेरिकेच्या विद्यापीठाला मेल करून कोड विचारला. आज सकाळी उत्तर आलं: ५१.२२०१.

भावोजींनी बँकेतली सोमवारची वेळ रद्द केलेली नाही अजून. ते म्हणतात, पोरगी म्हणेल तसं. पोरगी म्हणते, दुसऱ्या संस्थेला तीन प्रश्न पाठवलेत, त्यांचं उत्तर आल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

अटलांटाकर

एपिडेमिऑलॉजी शाखेत बदलून मिळेल का, एवढं सोमवारच्या आत विचारून घ्या. मिळत असेल तरी घर तारण ठेवू नका. दुसऱ्या संस्थेकडे चौथा प्रश्नही पाठवा: बायोस्टॅटिस्टिक्स कोण शिकवतं आणि किती तास.

निळी_शाई

आणि तिला माझा निरोप द्या. प्रबंधाचा पहिला मसुदा झाला की मला पाठव म्हणावं, लाल शाईने भरून परत करीन.