दूध तोडलेल्या पिल्लांसाठी कोबा, जाळी की तुसाची गादी?

मूळ मत
कोकण-गोव्यातील वराहपालनात पिल्लांना हगवण लागली की आपण आधी औषध शोधतो आणि जमिनीकडे सर्वांत शेवटी पाहतो, हे मला चुकीचे वाटते. चौथ्या आठवड्यात दूध तोडलेले पिल्लू पहिले दोन-तीन दिवस नीट खात नाही, आईच्या दुधातून मिळणारे संरक्षणही त्याच वेळी थांबते, आणि उपाशी शरीरात ऊब कमी तयार होत असल्याने त्याला २८ ते ३० अंश तापमान लागते. जुलैतल्या ओल्या कोब्यावर ते पोट टेकून झोपले, तर तीच थोडी ऊब जमीन ओढून घेते आणि आतड्यातील ई-कोलाय जिवाणूंचे फावते. म्हणून कोब्यावर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची जाड, कोरडी गादी हवीच.

प्रतिसाद १
मी सहमत नाही. ऐन पावसाळ्यात कोरडे तूस मिळवणे कठीण असते आणि भिजलेली गादी उघड्या कोब्यापेक्षाही वाईट ठरते. शिवाय गोलकृमीची अंडी अशा गादीत कित्येक वर्षे तग धरतात. प्लास्टिकच्या जाळीवरून विष्ठा खाली पडते, त्यामुळे पिल्लाचे तोंड तिच्यापासून दूर राहते.

मूळ लेखक
कृमींचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु जाळीखालच्या खड्ड्यातून थंड झोत आणि अमोनिया वर येतो, आणि फट रुंद किंवा कड तुटकी असेल तर खुरांना जखमा होऊन सांधे सुजतात. युरोपीय संघाच्या नियमांत या वयाच्या पिल्लांसाठी काँक्रीटच्या फटीदार जमिनीतील फटीची रुंदी १४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही; आपल्याकडे गवंडी हे माप विचारतो का? तिथे जून २०२२ पासून हगवणीवरचा झिंक ऑक्साइडचा मोठा डोसही बंद झाला आहे, त्यामुळे निवाऱ्याचा विचार अधिकच निकडीचा झाला आहे.

प्रतिसाद २
कप्प्याचे दोन भाग का करू नयेत? डुक्कर कोरड्या, उबदार जागी झोपते आणि ओल्या, गार जागी घाण करते. मागे गादी आणि तिच्यावर फळ्यांचे ठेंगणे झाकण ठेवावे, पुढे जाळी बसवावी आणि पाण्याचे निपल (पिल्लू चोखून पाणी पिते ती तोटी) जाळीवरच लावावे.

प्रतिसाद १
ही रचना मला पटते, पण कप्प्यात दाटी झाली की पिल्ले झोपण्याच्या जागीच घाण करतात, आणि डुकरांचा दर वाढला की आपल्याकडे दाटी होतेच. गादी ठेवायचीच असेल, तर प्रत्येक तुकडीनंतर ती पूर्ण काढून कोबा धुवावा आणि नवी पिल्ले आणण्यापूर्वी तो पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्यात हे जमणार नसेल, तर त्या चार महिन्यांत माझी पसंती जाळीलाच राहील.