चुकून मागितलेले एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिट परत कसे करावे?

एडिसनकर (५ मार्च २०२४)
न्यू जर्सीत आमची बारा कर्मचाऱ्यांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कोविडकाळात सगळे घरून काम करत होते आणि २०२१ मध्ये कोणत्याही तिमाहीत उलाढाल २०१९ पेक्षा घटली नव्हती. तरीही ‘सरकारी निर्बंध होते, तेवढे पुरे’ असे सांगून एका सल्लागाराने २० टक्के मोबदल्यावर त्या वर्षीच्या पहिल्या तीन तिमाहींचे ९४१-एक्स (पगारावरील कराच्या विवरणात दुरुस्ती करण्याचे फॉर्म) भरले आणि एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिट, म्हणजे कोविडकाळात कर्मचारी कामावर ठेवणाऱ्या मालकांसाठीची करसवलत, म्हणून प्रत्येकी ८४,००० डॉलर मागितले. पहिल्या तिमाहीचे पैसे गेल्या उन्हाळ्यात जमा झाले व त्यातले १६,८०० डॉलर त्याने घेतले; दुसऱ्या तिमाहीचा चेक खणात पडून आहे; तिसऱ्या तिमाहीचा निर्णय झालेला नाही. आम्ही पात्रच नव्हतो, असे आता नवे सीपीए (सनदी लेखापाल) सांगतात. चेक आधी वटवून सगळे एकदम परत केले तर चालेल का?

हिशेबनीस
चेक वटवू नका. घरून काम सुरळीत चालले असेल, तर निर्बंधांमुळे व्यवसाय अंशतः बंद पडला असे आयआरएस (अमेरिकेचे करखाते) मानत नाही, आणि २०२१ साठी उलाढाल २०१९ च्या त्याच तिमाहीच्या ८० टक्क्यांहून खाली जायला हवी होती. त्यामुळे तुमचे सीपीए बरोबर आहेत.

न वटवलेल्या चेकच्या मागे ‘व्हॉइड’ लिहून तो दावा मागे घेण्याच्या विनंतीसोबत टपालाने पाठवावा. प्रलंबित तिमाहीसाठी ९४१-एक्सच्या प्रतीवर, पहिल्या पानाच्या डाव्या समासात ‘विथड्रॉन’ लिहावे, उजव्या समासात सही, नाव, हुद्दा व तारीख घालावी आणि ती फॅक्स करावी. मात्र त्या फॉर्मवर दुसरी कोणतीही दुरुस्ती नसावी आणि माघार पूर्ण रकमेची असावी. मग दावा केलाच नव्हता असे धरले जाते, आणि दंड किंवा व्याज लागत नाही.

मिळालेल्या रकमेसाठी स्वेच्छा-प्रकटीकरणाची (चूक आपणहून कळवून पैसे परत करण्याची) योजना आहे, पण ती २२ मार्च २०२४ ला संपते. फॉर्म १५४३४ ऑनलाइन भरून ८० टक्के, म्हणजे ६७,२०० डॉलर परत करायचे असतात. उरतात १६,८०० डॉलर, नेमका तुमच्या सल्लागाराचा मोबदला. हा निव्वळ योगायोग नाही: असे सल्लागार रकमेचा वाटा कापून घेतात, हे लक्षात घेऊनच आयआरएसने सवलत ठेवली आहे. त्या सल्लागाराचे नाव-पत्ता मात्र द्यावा लागतो. संकोच करू नका.

डॅलसवासी
एक पुरवणी. क्रेडिट मागितल्यावर २०२१ च्या आयकर विवरणात पगारखर्च तेवढाच कमी दाखवला असेल, तर माघार घेतलेल्या दोन तिमाहींचा खर्च दुरुस्त विवरणातून परत मागता येतो. योजनेत न भरावी लागणारी २० टक्के रक्कम उत्पन्न धरली जात नाही. शिवाय पेरोल त्रयस्थ कंपनीच्या करक्रमांकाखाली भरला जात असेल, तर योजनेचा अर्ज तुम्ही नव्हे, त्या कंपनीने करायचा असतो.

एडिसनकर
करक्रमांक आमचाच आहे. चेक वटवत नाही. पगारखर्च मात्र सल्लागाराने कमी करायला सांगितलाच नव्हता, हे आज जुने विवरण उघडल्यावर कळले.

हिशेबनीस
मग निदान त्या दोन तिमाहींपुरते दुरुस्त विवरणाचे काम वाचले. पहिल्या तिमाहीसाठीही, योजनेत अर्ज मंजूर झाल्यास, खर्च कमी करण्याची गरज उरत नाही.